उधळ्या नावाचा घोडा

मराठीत ‘उधळणे’ हे क्रियापद पैशाला लागते आणि घोड्यालाही लागते. पैसा माणूस उधळतो. घोडा मात्र स्वतःच उधळतो, लगाम न जुमानता. १९७७ साली मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी जिंकणाऱ्या घोड्याचे नाव ‘स्क्वाँडरर’ असे होते, म्हणजे सरळ मराठीत ‘उधळ्या’. इतके विसंगत नाव क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. हा घोडा एकंदर १९ शर्यती धावला आणि त्यांपैकी १८ जिंकला.

आपल्या मासिकात रेसच्या घोड्याचे काय प्रयोजन, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले येते, हे आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु द्यूत माणूस खेळतो, घोडा खेळत नाही. अश्व तर भगवान संभवनाथांचे लांछन. तेव्हा या प्राण्याचा पराक्रम पैजेपासून वेगळा काढून पाहता येतो का, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

महालक्ष्मीचे मैदान १८८३ पासूनचे. इंडियन डर्बी तेथे १९४३ साली सुरू झाली आणि पहिलीच शर्यत बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने जिंकली. अंतर २४०० मीटर, स्पर्धक चार वर्षांचे, वेळ सुमारे अडीच मिनिटे. त्या अडीच मिनिटांसाठी घोड्याला वर्षानुवर्षे पहाटेच्या अंधारात फिरवावे, पळवावे, चोळावे लागते. स्क्वाँडररच्या बाबतीत ही मेहनत रशीद बैरामजी या नामांकित प्रशिक्षकांची होती, आणि वसंत शिंदे हे आपले मराठी जॉकी त्याच्या पाठीवर असत. शिंदे यांचे नाव घेताना अभिमान वाटतो. जॉकीला मालकाइतकी प्रतिष्ठा समाजाने कधी दिली नाही, पण अर्धा टन वजनाच्या, भरधाव प्राण्याचा दम नेमका कोठवर राखावा आणि कोठे सोडावा, हे जाणणारा तोच असतो. ‘उधळ्या’ला उधळू न देणे हे शिंद्यांचे काम.

आता हिशेबाची गंमत पाहा. आपण व्यापारी माणसे, आपल्याला ती चटकन कळेल. टोटवर जमलेल्या पैशातून आधी कर आणि क्लबचा भाग वजा होतो व उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांत वाटली जाते. बहुतेकांनी एकाच घोड्यावर पैसे लावले, की वाटेकरी वाढतात आणि प्रत्येकाच्या हाती मुद्दलाहून थोडेसेच अधिक येते. म्हणजे घोडा जितका खात्रीचा, तितका जुगाऱ्याच्या दृष्टीने तो निरुपयोगी! असा घोडा पाहायला लोक येतात ते निव्वळ त्याचे धावणे पाहायला. लोकप्रियता आणि लाभ यांची इतकी स्वच्छ फारकत व्यापारात मी तरी पाहिलेली नाही.

उरली ती एक हरलेली शर्यत. अठरा विजयांनी ज्याची खात्री वाटावी अशा घोड्यालाही ती चुकली नाही. ‘हा तर हरणारच नाही’ या एका वाक्यावर किती घरांचे पगार गेले असतील, याचा हिशेब कोणत्याही रेसकोर्सच्या दप्तरात सापडत नाही. गिरणगाव महालक्ष्मीला लागूनच. महाड-पोलादपूरकडच्या चाकरमान्यांना ते नाव देवळामुळे जितके परिचित, तितकेच रेसमुळेही. घोड्यांच्या शर्यतीत कौशल्य प्रधान असते, तो केवळ नशिबाचा खेळ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले. कायद्याने ते खरे आहे. पण ते कौशल्य घोड्याचे, प्रशिक्षकाचे आणि जॉकीचे. फार तर वंशावळी आणि वजने यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या चार जाणत्यांचे. खिडकीपाशी मनीऑर्डरचे पैसे घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे त्यातले किती होते?

घोड्याचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरले, तरी त्याची शर्यतीची कारकीर्द बहुधा चार-पाच वर्षांतच संपते. नामवंत घोडा पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातो आणि त्याच्या वंशजांची नावे पुढे कार्यक्रमपत्रिकेत छापली जातात. पण डर्बी एका वर्षी एकच घोडा जिंकतो. ज्यांना कधीच नाव मिळाले नाही, त्यांचे काय होते? काहींना रायडिंग क्लबात आसरा मिळतो, काही वरातीत उभे राहतात, काही थंड हवेच्या ठिकाणी भाड्याने फिरतात. त्यांतला एखादा तर आपल्या अगदी जवळ असतो. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून गेले की महाबळेश्वर. तेथे वेण्णा तलावाकाठी मुलांना रपेट घडविणाऱ्या तट्टांमध्ये एखादा उंच, सडपातळ, लांब पायांचा घोडा वेगळा उठून दिसतो. तो कोठून आला, हे मालकाला अवश्य विचारावे.

लग्नसराई तोंडावर आहे. वरातीसाठी घोडी ठरविताना आपण दर आणि झूल पाहतो. या वेळी झूल उचलून तिची पाठ पाहावी, खोगिराच्या जागी जखम नाही ना, खुरे नीट आहेत ना, हे तपासावे, आणि वरात निघण्यापूर्वी तिच्यापुढे पाण्याची बादली ठेवण्याचे काम घरातल्या एखाद्या जबाबदार मुलाकडे सोपवावे. फटाके वाजणार असतील तर तिला ठरवूच नये. मग ती उधळली, तर दोष तिचा नसतो.