विश्लेषण : लैंगिक तक्रार घेऊन जायचे कोणाकडे?

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’ पत्रकांची जागा आता रील्सने घेतली आहे. हमखास ताकदीचे आश्वासन मात्र तेच. वास्तविक अशा औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे. तरी पहिली धाव तिकडेच, कारण तिथे कोणी ओळखीचे भेटत नाही.

यात पैशांपेक्षा वेळ जाणे महागात पडते. ताठरता न येणे ही कधी मधुमेहाची, कधी हृदयविकाराची पहिली खूण असते. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे बिघाड तिथे आधी जाणवू शकतो. सिल्डेनाफिल चिठ्ठीशिवाय घेणेही धोक्याचे. छातीदुखीवरच्या नायट्रेट गोळ्यांसोबत ते रक्तदाब एकदम खाली आणते.

मग तज्ज्ञ करतो काय?

आधी प्रश्न विचारतो. झोप, दारू, भांडणे, चालू औषधे. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते. गरजेप्रमाणे साखर आणि हार्मोनच्या चाचण्या. त्यानंतर बहुतेकदा जोडप्याला एकत्र बोलावले जाते. काही आठवडे संभोग बंद, फक्त स्पर्श, असाही ‘गृहपाठ’ मिळतो. ‘जमेल ना?’ हे दडपण उतरवण्यासाठी तो असतो. संबंधांवेळी दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ आधी तपासतात. ‘सवय होईल’ हा सल्ला उपचार नव्हे.

‘सेक्सॉलॉजिस्ट’ ही पाटी पुरेशी नाही. मनोविकार, मूत्ररोग किंवा स्त्रीरोग यांतली पदवी आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येतो.