विश्लेषण : हृदय पुनर्वसनाचे बारा आठवडे संपल्यावर पुढे काय?

अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर देखरेखीखालचे हृदय पुनर्वसन साधारण बारा आठवडे चालते. ट्रेडमिल, सायकल, हलकी वजने, शेजारी फिजिओथेरपिस्ट. रुग्ण बऱ्यापैकी दमदार होऊन बाहेर पडतो आणि फाइलवर अनेकदा ‘नियमित चाला’ एवढेच लिहिलेले असते. गोळीचा मिलिग्रॅम काटेकोर लिहिणारी आपली वैद्यकीय व्यवस्था व्यायामाची मात्रा मात्र मोघम ठेवते. कमावलेली ताकद गळू लागते ती इथेच.

ताकद टिकत का नाही?

व्यायाम थांबला की शरीराची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता काही आठवड्यांतच उतरू लागते. याचा बोलका पुरावा हृदयरुग्णांचा नाही, धडधाकट तरुणांचा आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच जणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले गेले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा वाढत्या वयाने केले नव्हते एवढे नुकसान त्या तीन आठवड्यांनी केल्याचे दिसले. दिलासा एवढाच, की सहा महिन्यांच्या व्यायामाने वयापोटी गेलेली क्षमता परत आली.

आपल्याकडे दवाखान्यातून घरी आलेल्याला ‘आता दगदग नको’ असे बजावले जाते. माया खरी, सल्ला चुकीचा. बाईमाणूस असेल तर ‘घरकाम हाच व्यायाम’ म्हणून विषयच संपतो. स्वयंपाकघरातल्या कष्टाने दमायला होते, पण दम वाढेलच असे नाही.

मग नेमके किती?

आठवड्याला १५० मिनिटे मध्यम गतीचे चालणे. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये. जेवणानंतरची शतपावली यात बसत नाही. बीटा ब्लॉकर सुरू असेल तर नाडी दबलेली राहते, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातले ‘टार्गेट’ गाठण्याच्या फंदात पडू नये. आठवड्यातून दोनदा स्नायूंचाही व्यायाम हवा: हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर, श्वास न रोखता. बायपास झालेल्यांनी छातीचे हाड जुळल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत वजन उचलू नये. छातीत दडपण, जबडा किंवा हात दुखणे, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबावे. त्रास ओसरत नसेल तर १०८ ला फोन करावा.

केंद्रच जवळ नसेल तर?

भारतातील २४ रुग्णालयांत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या ‘योग-केअर’ चाचणीचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. योगामुळे मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे सिद्ध झाले नाही, हे आधी सांगायला हवे. पण रुग्णांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटली आणि पूर्वीच्या कामांकडे परतणे सुधारले. सुरुवात म्हणून हे कमी नाही.

पुनर्वसन संपताना सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालला, हा आकडा प्रत्येक फाइलवर असावा आणि तो दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजला जावा. त्याला यंत्र लागत नाही. तीस मीटरचा सपाट व्हरांडा, एक घड्याळ आणि लक्ष ठेवणारी परिचारिका पुरते. तालुक्याच्या रुग्णालयात एवढे नक्की असते.