वेबसाइट आपली, चावी कुणाची?

'तू कॉम्प्युटरवाला ना?' असं म्हणत गावाकडून फोन येतात की नाही? प्रिंटर अडला, मोबाइल हँग झाला, की पुण्या-मुंबईतले आपण फुकटचे इंजिनीअर! एका दिवाळीच्या तोंडावर मलाही असाच फोन आला. पांढरकवड्याहून, मावसभावाचा. टिपेश्वर अभयारण्याजवळ पाहुण्यांसाठी त्याच्या चार खोल्या आहेत. वाघ बघायला लोक येतात आणि दिवाळीची सुट्टी म्हणजे त्याचा कमाईचा सीझन. नेमकी तेव्हाच त्याची वेबसाइट गायब!

झालं होतं असं, की साइट बनवून देणाऱ्या कंपनीने वार्षिक भाडं वाढवलं. हा म्हणाला, मी दुसरीकडे जातो. उत्तर आलं, खुशाल जा! पण पानं आमच्या सिस्टीममध्ये बनली आहेत, ती बाहेर काढता येणार नाहीत. डोमेन नेमसुद्धा त्यांच्याच नावावर. फोटो, रूमचे रेट, पाहुण्यांचे अभिप्राय, सगळं कुलपात.

इथे येतो आपला आजचा विषय, सीएमएस. म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम. सोप्या भाषेत, लॉगिन करा, मजकूर टाका, फोटो चढवा, बटण दाबा, पान तयार. कोडिंग शिकायची गरज नाही. ही सिस्टीम दोन प्रकारची मिळते. एक कंपनीच्या मालकीची, भाड्याने. दुसरी ओपन सोर्स, म्हणजे जिचा कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वापरावा.

भाड्याचा फंडा यवतमाळकरांना नवा नाही. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी शकुंतला आठवते? नॅरोगेजची ती लाडकी गाडी चालवायची मध्य रेल्वे, पण रुळांची मालकी होती ब्रिटिश काळातल्या एका खासगी कंपनीकडे. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी दशकं करारानुसार त्या कंपनीला पैसे द्यावे लागले. १९९४ पर्यंत तर वाफेचं इंजिनच होतं! गाडी आपली, प्रवासी आपले, रूळ मात्र दुसऱ्याचे. भावाच्या वेबसाइटचं अगदी हेच झालं.

मराठी माणसाने हा धडा इंटरनेटवरही गिरवलाय. युनिकोड रुळण्याआधी मराठी साइट उघडली, की पहिला निरोप असायचा, 'फॉन्ट डाउनलोड करा'. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. तो फॉन्ट गेला, की लेखाच्या जागी नुसती अगम्य चिन्हं!

आता ओपन सोर्सची गंमत बघा. बी-टू नावाचं ब्लॉगिंग सॉफ्टवेअर त्याच्या कर्त्याने पुढे न्यायचं सोडलं, तेव्हा मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी त्याच कोडवरून २००३ मध्ये वर्डप्रेस उभं केलं. २००५ मध्ये मॅम्बोच्या टीमचं पटेना, तर मंडळी कोड घेऊन बाहेर पडली आणि जूमला जन्मलं. नावाचा मूळ स्वाहिली शब्द म्हणजे 'सगळे मिळून'. आपल्या हिशेबातला जुमलाच की! थोडक्यात, मालक रुसला म्हणून दुकान बंद पडत नाही. याउलट २००४ मध्ये मूव्हेबल टाइपने परवान्याच्या अटी बदलल्या आणि कितीतरी ब्लॉगरना बाडबिस्तरा हलवावा लागला. गूगलने बिझनेस प्रोफाइलवरच्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये सरळ बंद करून टाकल्या.

मी फोनवर असं सॉल्लिड भाषण ठोकलं. भावाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दादा, फुकट हाये तं हाये, पन अपडेट कोन करन? तू येशीन का पुन्याहून?"

बोलती बंद!

कारण त्याचं खरं होतं. ओपन सोर्स फुकट आहे, पण त्याची देखभाल फुकट नाही. होस्टिंगचे पैसे, डोमेनचे पैसे, शिवाय अपडेट वेळेवर टाकायची कटकट. ड्रूपल ७ चा अधिकृत आधार जानेवारी २०२५ मध्ये संपला. त्याआधी जे हलले नाहीत, त्यांचं टेन्शन त्यांनाच ठाऊक. भांडणं इथेही होतात. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात इतकं जुंपलं, की काही काळ त्या कंपनीच्या ग्राहकांना वर्डप्रेसच्या मुख्य साइटवरून अपडेट मिळेनात. भाड्याच्या सिस्टीममध्ये ही डोकेदुखी निदान कंपनीची असते, आणि फोन करायला कुणीतरी असतं. यवतमाळ जिल्ह्याची सरकारी साइटसुद्धा एनआयसीच्या सामायिक सेवेवर चालते. प्रत्येक कलेक्टर ऑफिसने वेगळा खटाटोप करायचा नाही, सांभाळणारी टीम एकच.

मग आम्ही मधला रस्ता काढला. सिस्टीम वर्डप्रेस, पण अपडेट आणि बॅकअप सांभाळणारं होस्टिंग. त्याचे पैसे भरायचे. डोमेन भावाच्या नावावर, पासवर्ड त्याच्या डायरीत. जुनं डोमेन काही सुटलं नाही, नवं घ्यावं लागलं. फोटो पुन्हा काढले, मजकूर पुन्हा लिहिला. जुने अभिप्राय मात्र कायमचे गेले. ती दिवाळीही गेली.

तुम्ही स्वतःचा पोर्टफोलिओ करा, नाहीतर आईच्या दिवाळी फराळाची साइट. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचाराच:

* डोमेन कुणाच्या नावावर?
* सगळा मजकूर आणि फोटो एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात का? आजच काढून बघा.
* बॅकअप कोण घेतं, आणि तो ठेवतात कुठे?
* अपडेट कोण करणार? उत्तर 'बघू' असेल, तर सरळ भाड्याची सिस्टीम घ्या. मात्र पहिले तीन प्रश्न सोडू नका. आणि फुकटात मिळणाऱ्या चोरीच्या थीमला तर हातच लावू नका, त्यातून व्हायरस घरात येतो.

भाड्याच्या घरात राहायला हरकत कसलीच नाही, यार. आपणही तेच करतो की! फक्त निघायची वेळ आली, तर सामान आपल्याला नेता आलं पाहिजे.