माकडहाडाचा प्रश्न

परवा रविवारी नातू गिरगावात आला होता. चहा पिता पिता मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, "आजोबा, यातली कुठली घेऊ?" एका चित्रात ठेंगणी, ऐसपैस गाडी, दुसऱ्यात उंच, सडसडीत. पहिली क्रूझर, २०२० साली आलेली रॉयल एन्फील्डची मीटिऑर ३५०. दुसरी लांबच्या प्रवासाची, त्याच कंपनीची २०२३ ची हिमालयन ४५०. आमच्या पिढीत सगळ्यांना एकच नाव होतं, फटफटी!

मी जन्मभर मराठी शिकवलेला मास्तर, मला इंजिनातलं काय कळणार? पण पैसे त्याच्या चार वर्षांच्या बचतीचे आहेत, आणि सूनबाईंचं मत "दोन्ही नकोत" असं आहे. म्हणजे निकाल माझ्यावर आला.

त्याचं मन क्रूझरवर होतं. कारणंही खोटी नव्हती. तिचं सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटर, दुसरीचं ८२५. आमचा नातू उंचीला बेताचा. गाडी पाच मणांची, आणि माणूस पडतो तो बहुधा थांबताना, पाय टेकला नाही म्हणून. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांना ४० टक्के. मीटिऑर ३४९ सीसीची, हिमालयन ४५२ची. हा फरक मध्यमवर्गीयाने हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मी त्याला एकच विचारलं, "बाळा, तू जाणार कुठे?"

जाहिरातीतली क्रूझर मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर पाय पुढे सोडून चाललेली असते. आपल्याकडचे तसे रस्ते आठवून पाहा. वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०२४ साली सुरू झालेले अटल सेतू आणि कोस्टल रोड, पुण्याचा द्रुतगती मार्ग, चारही ठिकाणी मोटारसायकलला बंदी! आपल्या वाट्याला येतो तो जे. जे. पुलाखालचा रस्ता, मग लालबाग, सायन, वाशीची खाडी, पनवेल आणि पुढे मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ च्या सुमारास सुरू झालं, तेव्हा हा नातू शाळेत होता. दर गणपतीला चाकरमानी त्या रस्त्याची कहाणी सांगतात, ती मी वेगळी सांगत नाही.

आणि खड्ड्यातच या दोन गाड्यांचा खरा फरक कळतो. क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे धडाच्या वजनाचा बराचसा भार माकडहाडावर येतो. खड्डा दिसला तरी चटकन उठता येत नाही. दुसरीवर पाय जवळजवळ कमरेखाली, खोगिरातल्या स्वारासारखे. रिकिबीवर जरा उभं राहिलं की धक्का गुडघे घेतात, मणका वाचतो. तिच्या पोटाखाली २३० मिलिमीटर जागा, क्रूझरच्या १७०. वजनात मात्र दोघींत पाचच किलोंचा फरक आहे, १९१ आणि १९६.

हे पुस्तकी ज्ञान नाही हो. १९८१ साली मित्राच्या जुन्या फटफटीवर मी गिरगावातून चिपळूणला गेलो होतो. ऐटीत, मागे रेलून, खुर्चीत बसल्यासारखा. पोचल्यावर दोन दिवस पाटावर जेवायला बसता आलं नाही. आईने लावलेला शेक अजून आठवतो. वय होतं एकोणतीस, म्हणून निभावलं. तेव्हाची कंबर आज बरोबर हिशेब मागते.

ज्याला रोज संध्याकाळी चौपाटी ते दादर एवढंच फिरायचं आहे, त्याने खुशाल क्रूझर घ्यावी. छान दिसते, पाय टेकतात. पण आमच्या नातवाला वर्षातून चार वेळा गावी जायचं आहे, पाठीला पिशवी आणि मागे कधी आई, कधी बायको (ती यायची आहे अजून!). त्याने उंच गाडी घ्यावी असं माझं मत. राहिला उंचीचा प्रश्न. फरक चार बोटांचा, आणि कमी उंचीचं सीटही मिळतं. मात्र आधी दुकानात जाऊन बूट घालून बसायचं, दोन्ही चवडे टेकतात का पाहायचं. नाही टेकले तर माझं सगळं भाषण रद्द, मुकाट्याने ठेंगणी घ्यायची.

करातला वरचा फरक माझ्या पेन्शनमधून देईन म्हटलं. त्यावर ही आतून म्हणाली, "आणि दोन हेल्मेटं!" ते मान्य.

तो पुढच्या रविवारी बसून बघणार आहे. तुमच्या घरी हा वाद झाला असेल तर जरूर कळवा, विशेषतः ज्यांची कंबर साठ वर्षांवरची आहे त्यांनी!