राघूला हवी ढोली

चेन्नईच्या रोयापेट्टा भागात कॅमेरे दुरुस्त करणारे जोसेफ शेखर यांनी २००४ च्या त्सुनामीनंतर आपल्या गच्चीवर पोपटांसाठी भिजवलेले तांदूळ मांडायला सुरुवात केली. आधी मोजकेच पक्षी आले. पुढे हजारो उतरू लागले. एवढ्या गजबजलेल्या शहरात इतके पोपट राहतात तरी कुठे?

हे पोपट म्हणजे आपला ओळखीचा राघूच. लांबी सुमारे ४० सेंटिमीटर, त्यात निम्म्याहून अधिक शेपटीच! नराच्या गळ्याला काळा-गुलाबी कंठ असतो, मादीला नसतो. नरालाही तो तिसऱ्या वर्षाच्या सुमारास येतो. तेव्हा कंठ नसलेला प्रत्येक पोपट मादीच समजू नका. पायाची दोन बोटे पुढे, दोन मागे. त्यामुळे पेरू असो की शेंग, पंजात धरून तो आरामात खातो. पोटापाण्याचे तो कुठेही जमवतो. पिंजऱ्यातून सुटलेल्या पोपटांचे थवे थंडगार लंडनमध्येही स्थिरावले आहेत.

अडचण आहे ती घराची. पोपट काड्यांचे घरटे बांधत नाही. जुन्या झाडातली ढोली किंवा सुतार, तांबट यांनी कोरून सोडलेले भोक शोधून तो चोचीने रुंद करतो. गाण्यांत राघू-मैनेची जोडी असली, तरी प्रत्यक्षात ढोलीसाठी दोघांची भांडणे जुंपतात. मादी चार-पाच अंडी घालते. सुमारे तीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि पुढचे सहा-सात आठवडे ढोलीतच वाढतात. नेमकी याच दिवसांत ती पळवली जातात. कुणी हौसेच्या पिंजऱ्यात जातो, तर कुणी तमिळनाडूत चिठ्ठी उचलून भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषाकडे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राघू पकडणे, विकणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे, हे अनेकांच्या गावीही नसते.

१२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळाने चेन्नईतली हजारो झाडे उन्मळून पडली. नवी रोपे लावता येतात. ढोली मात्र लावता येत नाही. ती तयार व्हायला झाडाला काही दशके जगावे लागते.

म्हणून पोपटांना दाणे जरूर घाला, पण तुमच्या वाड्यातले वा सोसायटीतले जुने झाड ‘पोकळ झाले’ म्हणून तोडायला निघाला असाल, तर क्षणभर थांबा. झाडापासून धोका नसेल, तर ते राहू द्या. त्या पोकळीत एखादा संसार चालू असेल.