तकरार आणि तक्रार

मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. मदरशात मात्र या शब्दाचा जुना अरबी अर्थ अजून जिवंत आहे: पुन्हा पुन्हा म्हणणे. उस्तादांचा सबक संपला की संध्याकाळी मुले गोल करून बसतात आणि त्यांच्यातलाच एक जण तो धडा बाकीच्यांना परत समजावून सांगतो. यालाच तकरार म्हणतात. देवबंदच्या परंपरेतल्या मदरशांत हे रोजचेच आहे. मुलांनी मुलांना शिकवण्याची ही रीत आपल्या उर्दू आणि मराठी शाळांनीही उचलावी, निदान भाषेसाठी तरी, असे मला वाटते.

हे शाळेत जमत नाही असे कुणी म्हणेल, तर त्याला मी गाडीवाटचे उदाहरण देतो. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातले हे छोटे गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने मुलांना विचारले, कोणती परदेशी भाषा शिकायची? मुलांना यंत्रमानवाचे वेड, म्हणून त्यांनी जपानी निवडली. शहरातल्या एका जाणकाराने ऑनलाइन, विनामूल्य शिकवायला सुरुवात केली. सगळ्यांच्या घरी स्मार्टफोन कुठून असणार? मग ज्यांच्याकडे फोन होता ती मुले शिकायची आणि बाकीच्यांना शिकवायची. या मुलांना ‘विषय मित्र’ म्हणत. खेड्यातली मुले एकमेकांच्या मदतीने जपानी शिकू शकतात, तर आमची मुले मराठी आणि उर्दू का नाही?

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या उर्दू शाळेतल्या मुलाचा दिवस पाहा. घरी दखनी, मक्तबात अरबी, वर्गात उर्दू, आणि बाजारात, एसटी स्टँडवर, तहसील कचेरीत मराठी. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. पण पुस्तकातली मराठी बऱ्याचदा पुस्तकातच राहते. मुलगा प्रश्नोत्तरे पाठ करतो, गुण मिळवतो आणि बँकेत अर्ज भरायची वेळ आली की दुसऱ्याचे तोंड पाहतो. दहावीनंतर मराठी माध्यमाच्या कॉलेजात गेलेली मुलगी मागच्या बाकावर गप्प बसते. तिला येत नाही असे नसते, चुकले तर हसतील ही भीती असते.

त्या चुका कोणत्या, हे मोठ्या वर्गातल्या मुलाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, म्हणून मूल म्हणते ‘माझी पुस्तक’. उर्दूत नपुंसकलिंगच नाही, मग ‘ते पुस्तक’ त्याला सुचणार कसे? दखनीत ‘मैं काम किया’ म्हणतात, म्हणून ते ‘मी काम केलो’ म्हणते. ‘ळ’ला उर्दूत अक्षर नाही. ‘खाली’ म्हणजे उर्दूत रिकामे, मराठीत तळाशी. सातवीतला मुलगा दोन-तीन वर्षांपूर्वी याच जागी अडखळलेला असतो. तो तिसरीतल्या मुलाला समजावतो, तेव्हा मूल लाजत नाही, उलट प्रश्न विचारते. आणि ‘ते पुस्तक का?’ याचे उत्तर शोधता शोधता मोठ्याचे व्याकरणही पक्के होते.

ही देवघेव दोन्ही बाजूंनी व्हावी. निजामाच्या राज्यात शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच. मराठवाड्यातल्या कितीतरी मराठी घरांत आजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत आहेत आणि ते घरात कुणालाच वाचता येत नाहीत. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किंमत साऱ्या मराठवाड्याला कळली. म्हणजे उर्दू केवळ मुसलमानांच्या कामाची नाही. ती या मातीच्या दप्तराची भाषा आहे.

भाषेबरोबर माणसेही कळतात. रशियाचेच घ्या. अण्णा भाऊ साठे 1961 मध्ये तिकडे जाऊन आले आणि त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. सोव्हिएत काळात मॉस्कोत छापलेली मराठी बालपुस्तके स्वस्तात मिळत. रशियन अक्षरही न येणाऱ्या मराठी मुलांना त्यातून तिथला बर्फ आणि तिथल्या आज्या ओळखीच्या झाल्या. आज डॉक्टर होण्यासाठी तिकडे जाणाऱ्या मुलांना रशियन शिकावीच लागते, कारण शिक्षण इंग्रजीत असले तरी रुग्ण रशियनच बोलतो. इतक्या दूरच्या देशाची ओळख होऊ शकते, तर शेजारच्या आळीची का होऊ नये? उर्दू शाळेतल्या मुलीने ईदचे, सहेरीचे शब्द शिकवावेत, मराठी शाळेतल्या मुलाने पोळ्याचे आणि पेरणीचे.

एक धोका मात्र ओळखून असले पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी मुलांकडून मुलांना शिकवायला सुरुवात केली. 1797 मध्ये लंडनला त्यावर पुस्तक काढले आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरली. पण तिकडे तिचा उपयोग झाला तो खर्च वाचवायला. शेकडो मुलांना एकच मास्तर, बाकी सगळा भार पोरांवर. शिकणे उरले घोकंपट्टीपुरते, आणि पुढे ती पद्धत मागे पडली. आपल्याकडेही रिक्त जागा न भरण्यासाठी कुणी हेच निमित्त पुढे करील. त्याला ठाम नकार द्यायला हवा. मदरशातही आधी उस्तादांचा सबक होतो, मगच तकरार.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आठवड्यातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटे. सहावी-सातवीची मुले आणि दुसरी-तिसरीची मुले. शिक्षक त्याच वर्गात हजर, ऐकत, गरज पडली तर दुरुस्त करत. शिकवणारे फक्त पहिल्या नंबरवाले नकोत, मागच्या बाकावरच्या मुलीलाही पाळी मिळावी. उर्दू आणि मराठी शाळा जवळ असतील, तर महिन्यातून एकदा मुलांनी एकमेकांच्या वर्गात जावे. यासाठी निधी लागत नाही की वरून परिपत्रक यावे लागत नाही. दोन मुख्याध्यापकांनी एकत्र बसून वेळापत्रक ठरवले की पुरे. पालकांनीही ‘आमच्या पोराचा वेळ जातो’ म्हणण्याआधी महिनाभर थांबावे आणि मग आपल्याच पोराला चार ओळी मराठीत बोलायला सांगून पाहावे.