कॅसेट वगळून लिहिलेला मराठी संगीताचा इतिहास

थ्रेड : मराठीतील ‘सर्वोत्तम अल्बम’ अशी एखादी यादी समोर आली की तिचा आराखडा न वाचताही सांगता येतो. आरंभी बालगंधर्वांच्या तबकड्या, मग हिराबाई बडोदेकर, त्यानंतर श्रीनिवास खळे यांच्या संगीतातील लता मंगेशकरांचे ‘अभंग तुकयाचे’, भीमसेन जोशींचे अभंग. आणि तेथून एक लांब उडी थेट अजय-अतुलपर्यंत. मधली पंधरा-वीस वर्षे महाराष्ट्र जणू मुका होता. प्रत्यक्षात त्याच वर्षांत सामान्य माणूस प्रथमच स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या आवडीचे संगीत विकत घेऊ लागला होता. ते संगीत कॅसेटवर होते, एवढाच त्याचा अपराध.

हा अपराध कोणाच्या कानांनी ठरवला, हे पाहायचे तर कुरुळीला यावे. खेड तालुक्यातील हे गाव पुणे–नाशिक महामार्गावर, मोशी ओलांडल्यावर, चाकणच्या अलीकडे लागते. एका अंगाला आळंदी, दुसऱ्या अंगाला देहू. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि कारखान्यांची रांग हळूहळू भोसरीकडून चाकणकडे सरकत आली. त्या रांगेमागे मराठवाडा, विदर्भ, सोलापूर-नगरचा दुष्काळी पट्टा येथून माणसे आली. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत एल.पी. वाजवणारे यंत्र कोण ठेवणार? तेथे टू-इन-वन आला. महामार्गावरच्या ट्रकमध्ये तर तबकडी चालणारच नाही. पहिल्या खड्ड्याला सुई उडेल. फीत मात्र खड्ड्यातही फिरत राहते.

फिलिप्स कंपनीने ही छोटी कॅसेट १९६३ मध्ये आणली. भारतात तिचा पूर लोटला तो १९८०च्या दशकात. १९८३ साली टी-सिरीज सुरू झाली. तोवर भारतीय ध्वनिमुद्रण म्हणजे जवळपास एकट्या एच.एम.व्ही.ची मक्तेदारी होती. कोणाचा आवाज छापायचा, हे मूठभर अधिकारी ठरवीत. फितीच्या प्रती काढण्याचे यंत्र स्वस्त झाले आणि ती मूठ सुटली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज गणपतीच्या मांडवात, भीमजयंतीच्या मिरवणुकीत, एस.टी. स्थानकाबाहेरच्या टपरीत घुमू लागले. भक्तिगीते, भीमगीते, कव्वालीचे सामने, पोवाडे, गद्य-पद्यात सांगितलेल्या देवांच्या कथा, सारे काही. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्धा तास चालते. तीन मिनिटांच्या तबकडीत कथा कधीच मावली नसती. माध्यमाने संगीताचा आकार बदलला, तो असा. समीक्षकांना ख्याल तीन मिनिटांत कसा बसवला गेला याचे कौतुक. अर्ध्या तासाची कथा कशी रचली गेली याचे मात्र कुतूहलही नाही.

कॅसेट वगळण्यासाठी तीन कारणे दिली जातात. पहिले, चाली उसन्या होत्या. होत्याच, हिंदी चित्रपटगीतांवर बेतलेल्या पुष्कळ होत्या. पण हा निकष लावायचाच तर आधी नाट्यसंगीताला लावावा. १८८२च्या ‘सौभद्र’मधील पदे प्रचलित चालींवर रचलेली आहेत. १९१६च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले यांनी रागदारीतील बंदिशींवरून चाली बांधल्या, आणि त्याला मराठी रसिक आजही प्रतिभा म्हणतात. योग्यच म्हणतात. मग ठुमरीवरून घेतलेली चाल संस्कार आणि चित्रपटगीतावरून घेतलेली चाल चोरी, हा भेद संगीताचा नाही. तो उसनवारी कोणत्या घरातून झाली याचा आहे.

दुसरे कारण, ध्वनीचा दर्जा. हा आक्षेप तर हास्यास्पद आहे. १९०२ साली फ्रेडरिक गैसबर्गने कोलकात्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला तेव्हा मायक्रोफोनच नव्हता. कर्ण्यात तोंड घालून ओरडल्यासारखे गावे लागे. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघेपर्यंत त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरहून छापून येत. त्यांच्या खरखरीतून स्वर वेचणे हे आज जाणकारीचे लक्षण समजले जाते. फितीची सळसळ ऐकू आली की मात्र तोच जाणकार कानांवर हात ठेवतो.

तिसरे कारण, सवंगपणा. येथे थोडे थांबावे लागेल, कारण त्यात तथ्य आहे. द्व्यर्थी गाण्यांच्या कॅसेटींचा खच पडला होता, आणि बनावट प्रतींचा धंदाही जोरात होता. त्यांतील बरेचसे विसरले गेले तर बिघडणार नाही. परंतु निवड करण्यासाठीच तर समीक्षा असते! १९३०च्या दशकात केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावाने गायकांवर लिहीत, ते गायक ऐकून लिहीत. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’त घराण्यांचा हिशेब मांडला, तोही बैठकीत बसून. प्रल्हाद शिंदे यांच्या तार सप्तकातल्या फेकीचा, कव्वालीतून भजनात आणलेल्या ठेक्याचा असा हिशेब कोणी मांडला? ते २००४ साली गेले. त्यांच्या नावावर आठवणींचे लेख मिळतात. गायकीचे विश्लेषण शोधूनही सापडत नाही.

नव्या अल्बमांच्या समीक्षेलाही या अज्ञानाची किंमत मोजावी लागते. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झालेल्या वाद्यवृंदावर रकाने भरून लिहिले गेले. पण ‘झिंगाट’ची चाल ज्या मिरवणुकीतून, बँडपथकातून आणि कॅसेटच्या काळातून आली, तो वंश सांगायला शब्दच नव्हते. ज्याने आजोबा पाहिले नाहीत, त्याला नातू आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

आता मूळ धोका. १९५४च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले. पुढे वृत्तपत्रेही त्यात आली. ध्वनिमुद्रणे आली नाहीत. म्हणजे एखाद्या छोट्या कंपनीने १९८७ साली काढलेली भीमगीतांची कॅसेट कोठेही जमा करण्याचे बंधन कोणावरच नव्हते. कंपनी बुडाली की मूळ फीतही गेली. उरल्या त्या घराघरांतल्या प्रती, आणि त्यांवरचा लोहभस्माचा थर सुटतो आहे, बुरशी चढते आहे. एल.पी. जपणारे संग्राहक आहेत, त्यांचे बाजारभाव आहेत. कॅसेट भंगारवाल्याकडे किलोने जाते.

इतिहासाच्या अभ्यासकासाठी एक गोष्ट मात्र हाताशी आहे. १९८४च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात कलम ५२ अ आले. त्यानुसार वेष्टनावर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ते आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे सक्तीचे झाले. सर्वांनी ते पाळले नाही. पण जेथे पाळले तेथे कॅसेटच्या डबीतला तो घडीचा कागद अस्सल साधन आहे. गायक, गीतकार, ढोलकीवादक, कंपनीची गल्ली, साल, सारे त्यावर असू शकते. तेव्हा घरातली डबी फेकण्यापूर्वी त्या कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढावे, फीत एकदा हाताने सैल करून मगच वाजवावी, आणि वाजली तर त्याच वेळी तिची डिजिटल नोंद करून घ्यावी. दुसऱ्यांदा ती वाजेलच असे नाही.